अबांधवांचे तर्पण

दिल्ली छावणीतील ब्रार स्क्वेअरजवळ दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची एक दफनभूमी आहे. राजधानी पाहायला येणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत लाल किल्ला असतो, राजघाट असतो, २०१९ पासून इंडिया गेटजवळचे राष्ट्रीय युद्धस्मारकही असते. ही जागा सहसा नसते. तेथे हजाराहून अधिक समाध्या आहेत. १९५१ साली ही दफनभूमी आखली गेली आणि अलाहाबाद, कानपूर, डेहराडून, लखनौ अशा ठिकठिकाणच्या छावण्यांतील कबरींतले अवशेष येथे आणले गेले, कारण दूरदूर विखुरलेल्या त्या कबरींची निगा पुढे राखता येईल याची शाश्वती नव्हती. म्हणजे येथे निजलेल्या पुष्कळांच्या वाट्याला परकेपण दोनदा आले. एकदा घर सोडून हिंदुस्थानात पाठवले गेले तेव्हा, आणि पुन्हा एकदा मरणानंतर, ज्या मातीत पुरले गेले तीही सोडावी लागली तेव्हा.

दगड सारे एका मापाचे. अधिकारी आणि साधा शिपाई यांत भेद करायचा नाही, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे पहिल्या महायुद्धापासूनचे तत्त्व. दगडावर नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, बहुधा वय, आणि काही ठिकाणी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. वये वाचत गेले की मनाला एक प्रकारचा संकोच वाटू लागतो. ही माणसे वयाने आपल्या नातवंडांएवढी आहेत. त्यांत हवाई दलातले तरुणही आहेत.

या संकोचाच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो आणि तो सहज परतवून लावता येत नाही. या माणसांशी आपले नाते काय? ज्या साम्राज्याच्या सेवेत ती येथे आली, त्याच साम्राज्याने ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात आणि गांधीजींना पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध केले होते. त्या महालाच्या आवारात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत. त्या समाध्यांपुढे आपण हात जोडतो तेव्हा मनात कसलाही किंतु नसतो. मग छावणीतल्या या दगडांपुढे उभे राहताना कोणता भाव मनात धरावा? ज्या युद्धाचा निर्णय आपला नव्हता, ज्या सत्तेची ही फौज होती तिच्याशी आपला झगडा चालू होता, आणि ज्यांच्या शस्त्राने पुष्कळदा निरपराधच मेले, अशा मृतांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य ठरते काय? ठरत असेल तर ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न बाँबफेकी विमानांतून लढलेल्यांच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो. म्हणून विचाराची सुरुवात त्यांच्यापासूनच करणे बरे.

१

इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफोक आणि सफोक परगण्यांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे तळ होते. शेतांच्या मधोमध धावपट्ट्या घातल्या गेल्या आणि समुद्रापलीकडून आलेली हजारो मुले खेड्यांच्या वेशीवर येऊन राहिली. त्या दलाचे २६ हजारांहून अधिक लोक मारले गेले. केंब्रिजजवळ मॅडिंग्ले येथे त्यांची मोठी दफनभूमी आहे. परंतु अधिक बोलकी आहेत ती लहान लहान गावांनी आपापल्या वेशीवर उभी केलेली स्मारके. जेथे धावपट्टी होती तेथे आता पुन्हा शेती होते. रस्त्याच्या कडेला एक दगड, त्यावर दलाचा क्रमांक आणि काही शब्द. थॉर्प ॲबट्स येथे तर विमानतळाचा जुना नियंत्रण-मनोरा स्थानिक लोकांनी दुरुस्त करून १००व्या बाँबर गटाच्या स्मरणार्थ राखला आहे. या मुलांशी गावकऱ्यांचे रक्ताचे नाते नव्हते. त्यांनी पहाटे विमाने उडताना मोजली आणि सायंकाळी परतताना पुन्हा मोजली, एवढाच संबंध. पण दोन मोजण्यांतील फरक ज्याने रोज पाहिला, तो त्या मृत्यूंचा साक्षीदार झाला आणि साक्षीदारावर काही एक जबाबदारी येऊन पडली.

आपल्याकडे वेशीवरच्या दगडाची कल्पना नवी नाही. महाराष्ट्राच्या खेडोपाडी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरांनी वीराला नेणे, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही. तो कोणाच्या बाजूने लढला, गाई सोडवताना मेला की गाई पळवताना, हे आज कोणी सांगू शकत नाही. तरी गाव त्याला शेंदूर लावते. येथेही स्मरणाचा आधार मृताच्या पक्षात सापडत नाही. तो या भूमीवर पडला, या गोष्टीत सापडतो.

मात्र वीरगळावरचा योद्धा समोरच्याला पाहून लढला होता. बाँबफेकी विमानातील माणसाला समोरचा दिसत नव्हता. ब्रिटिश बाँबर कमांडमध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसे विमानांतून लढली. त्यांपैकी ५५,५७३ मेली. शंभरातली चव्वेचाळीस. त्यांत राष्ट्रकुलातल्या अनेक देशांचे तरुण होते. आपलेही होते, शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे लँकेस्टर विमानावर नॅव्हिगेटर होते. एवढी जीवितहानी सोसलेल्या या दलाला लंडनमध्ये स्मारक मिळाले ते २०१२ साली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर ६७ वर्षांनी. त्याचे कारण उघड आहे. जुलै १९४३ मध्ये हँबुर्ग जळाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळाले. तेथील मृतांचा आकडा इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये सुमारे २५ हजार असा निश्चित केला. मेलेल्यांत बहुसंख्य नागरिक होते. १९९२ मध्ये या दलाचे प्रमुख आर्थर हॅरिस यांचा पुतळा लंडनमध्ये बसवला गेला, तेव्हा निषेध झाला आणि पुतळ्यावर रंग फेकला गेला. २०१२ च्या स्मारकावर मात्र एक वाक्य कोरलेले आहे. त्याचा आशय असा की १९३९ ते १९४५ या काळात बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेही हे स्मारक आहे. हे वाक्य सुचायला सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२

इंग्लंडमधील खेड्यांनी जे केले ते आपल्या खेड्यांनी केले नाही. तळ तर येथेही होते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या दहाव्या हवाई दलाचे मुख्यालय नवी दिल्लीत आले. १९४४ मध्ये बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास, खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी येथे, बी-२९ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या बाँबफेकी विमानांचे तळ झाले. प्रत्येक विमानात अकरा माणसे. ५ जून १९४४ रोजी या विमानांची पहिली मोहीम खरगपूर भागातूनच बँकॉकवर गेली. त्यानंतर हिमालय ओलांडून चीनमधील चेंगडूच्या तळांवर उतरायचे, तेथून जपानवर जायचे, असा क्रम सुरू झाला.

त्यांचे मुख्यालय होते हिजलीच्या बंदिगृहाच्या इमारतीत. ही इमारत आपल्या इतिहासात वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथील निःशस्त्र राजबंद्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मेले. रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर निषेध केला. स्वातंत्र्यानंतर याच इमारतीत देशातील पहिली आय.आय.टी. सुरू झाली. आज ती इमारत हिजली शहीद भवन म्हणून ओळखली जाते. एका वास्तूने वीस वर्षांत तुरुंग, बाँबहल्ल्यांचे मुख्यालय आणि विद्यापीठ अशी तीन रूपे पाहिली. त्यांपैकी पहिले आणि तिसरे आपण जपले, मधले विसरलो.

हे विसरणे अकारण नाही. ज्या मेदिनीपुरात धावपट्ट्या झाल्या त्याच मेदिनीपुरात, तमलूक येथे, २९ सप्टेंबर १९४२ रोजी मातंगिनी हाजरा हाती तिरंगा धरून पोलिसांच्या गोळीने पडल्या. पुढच्याच महिन्यात, १६ ऑक्टोबरला, तेथे प्रचंड चक्रीवादळ आले. आणि १९४३ मध्ये तो दुष्काळ, ज्यात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानले जाते. युद्धासाठी धान्य, बोटी, जमिनी ताब्यात घेणारी सत्ता आणि आकाशातून विमाने नेणारी सत्ता, ही दोन्ही त्या जिल्ह्यातल्या माणसाला एकच दिसली असल्यास त्यात त्याचा दोष काढता येत नाही. नॉरफोकच्या शेतकऱ्याला त्या विमानांत आपले रक्षणकर्ते दिसले. उपाशी मेदिनीपूरला त्यांत काय दिसावे?

आणखीही एक गोष्ट आहे. १८ डिसेंबर १९४४ रोजी याच दलाच्या ८४ विमानांनी चीनमधील हान्कोवर आगलावे बाँब टाकले. शहराचा मोठा भाग जळाला. त्या वेळी दलाचे प्रमुख कर्टिस लमे होते. पुढल्याच महिन्यात ते प्रशांत महासागरातल्या तळांवर गेले, आणि ९–१० मार्च १९४५ च्या रात्री त्यांच्या विमानांनी टोकियो पेटवले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. हान्को ही एका अर्थाने त्या रात्रीची रंगीत तालीम होती, आणि ती तालीम करणाऱ्या दलाचे घर खरगपूर हे होते.

तेव्हा स्मारक नाही, हेच योग्य झाले असे म्हणून विषय संपवता येईल. तसे म्हणण्याचा मोह मलाही होतो. परंतु मराठी माणसाला हा मोह परवडणारा नाही. का, ते पाहू.

३

दिल्लीहून उत्तरेला निघाले की राजधानी क्षेत्राच्या कडेलाच पानिपत लागते. शहराबाहेर कालाअंब नावाची जागा आहे. १४ जानेवारी १७६१ च्या रणात इतके रक्त सांडले की तेथल्या आंब्याची साल आणि फळे काळी पडली, अशी तिकडली लोककथा. आता झाड नाही. विटांचा एक स्तंभ आहे. संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून माणसे तेथे जातात आणि माथा टेकतात.

यात एक गोष्ट आपण क्वचितच लक्षात घेतो. कालाअंब ही कथा आपण रचलेली नाही. ती त्या मुलखातल्या लोकांनी सांभाळली. त्यांच्या दृष्टीने मराठी फौज ही दक्षिणेतून आलेली परकी फौज होती, जिच्या छावणीने महिनोन्‌महिने त्यांच्या शिवारातले धान्य आणि चारा खाल्ला. ती फौज त्यांच्या भूमीवर पडली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी एका झाडाच्या रूपाने तिची आठवण ठेवली. काशिराज पंडिताच्या वृत्तांतानुसार विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्या देहांना अग्नी मिळाला तो शत्रूच्या गोटात असलेल्या शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने. ज्यांच्याशी लढलो त्यांच्या बाजूचा एक माणूस मध्ये पडला म्हणून आपल्या मृतांना संस्कार लाभले. हे ऋण कोणत्या खात्यावर मांडायचे?

त्या पराभवाची वार्ता सावकारी संकेतात दक्षिणेत गेली, हे प्रसिद्ध आहे. मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा यांची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. दोन शतकांहून अधिक काळ आपण त्या मोत्यांचा शोक केला. शेजवलकरांनी त्या रणाची चिकित्सा केली, विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीने ती व्यथा घराघरांत नेली. खुर्दा मात्र खुर्दाच राहिला. छावणीतल्या दफनभूमीत प्रत्येक साध्या शिपायाचे नाव सारख्या अक्षरांत कोरलेले पाहताना मला त्या अगणित खुर्द्याची आठवण होते.

येथपर्यंत आपली भूमिका सोपी आहे. परमुलखात मेलेल्या आपल्या माणसांची आठवण परक्यांनी ठेवली. तशी परक्यांची आठवण आपण ठेवावी. ही फेड झाली. परंतु मेदिनीपूरचे नाव येताच या फेडीच्या हिशेबात एक जुनी बाकी उघडी पडते. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या, आणि मेदिनीपूर हा त्यांच्या वाटेवरचा मुलूख होता. बंगालमध्ये त्या घोडेस्वारांना ‘बर्गी’ म्हणत. त्यांच्या भयाने कोलकात्याभोवती १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला गेला. तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला जाई. गंगाराम नावाच्या कवीने त्या लुटीवर बंगालीत काव्य लिहिले आणि त्याला नाव दिले ‘महाराष्ट्र पुराण’. आणि आजही बंगाली आई मुलाला निजवताना जे अंगाईगीत म्हणते त्यात बर्गी येतात, पीक गेलेले असते, आणि सारा कसा भरायचा ही चिंता असते.

म्हणजे क्षितिजावरून अकस्मात येणारे, ज्यांच्याशी बोलता येत नाही, ज्यांची दया भाकता येत नाही असे जे कोणी, ते एके काळी त्या मुलखासाठी आपणच होतो. बर्गीचा घोडा आणि बी-२९ विमान यांत तंत्राचे अंतर अफाट आहे. जळत्या गावाला मात्र ते अंतर जाणवत नाही. पानिपतावर पडलेल्यांत बंगालच्या स्वारीवर गेलेला कोणी असेलच असे मी म्हणत नाही. नागपूरची फौज वेगळी, पेशव्यांची वेगळी. पण ज्या मराठी नावाने आपण पानिपताचा शोक करतो, त्याच नावाने बंगालने आपली अंगाई रचली. एक आठवण आपल्या अंगणातली आहे, दुसरी शेजाऱ्याच्या. दोन्ही खऱ्या आहेत. दुसरी नाकारून पहिली पवित्र ठेवता येत नाही.

४

येथे शोक आणि गौरव यांतला भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. शोक मृत माणसाचा असतो, गौरव कृत्याचा असतो. शोकाला पात्रता लागत नाही; माणूस होता आणि मेला, एवढे पुरते. गौरवाला पात्रता लागते, आणि ती ठरवण्यासाठी न्याय लागतो. स्मारकांचा घोटाळा असा की ती या दोन्ही गोष्टी एकाच दगडात मिसळतात. ‘येथे एकवीस वर्षांचा एक मुलगा पडला’ हे विधान आणि ‘येथे एक वीर पडला’ हे विधान, दोन्ही एकाच छिन्नीने कोरलेली असतात. मग गौरव मान्य नसलेला माणूस शोकही नाकारतो, आणि शोक करू इच्छिणाऱ्याला नकळत गौरवावर सही करावी लागते. हॅरिसच्या पुतळ्यावर फेकलेला रंग गौरवाविरुद्ध होता. तो बावीस वर्षांच्या एखाद्या मृत तोफचीविरुद्ध होता असे मला वाटत नाही.

परंतु शोक आणि गौरव वेगळे केले म्हणजे काम संपले असेही नाही. कोणी म्हणेल, सर्वांचाच शोक करायचा तर मारणारा आणि मरणारा यांत फरक उरला कोठे? हा आक्षेप गंभीर आहे. सर्वांना सारखेच अश्रू वाहिले की अपराध धुऊन निघतो, ही भीती निराधार नाही. अनेक राष्ट्रांनी आपल्या अपराधांवर असाच ओला पडदा टाकला आहे. म्हणून शोकाच्या जोडीला तिसरी गोष्ट हवी, ती म्हणजे साक्ष. कोणी कोणाला मारले, कोणाच्या आज्ञेने, आणि खाली कोण होते, हे सांगितले पाहिजे. साक्षीवाचून केलेला शोक ढिला पडतो, आणि शोकावाचून दिलेली साक्ष सूडाकडे वळते.

हे दोन्ही एकत्र कसे नांदतात ते पाहायचे तर आपल्याला परक्या ग्रंथांकडे जावे लागत नाही. महाभारताचे स्त्रीपर्व पाहावे. गांधारी रणभूमीवर येते. ती आपल्या पुत्रांसाठी रडते, आणि अभिमन्यूसाठीही रडते, जो तिच्या पुत्रांच्या विरुद्ध पक्षाचा होता. दुर्योधनाच्या देहाजवळ बसून शोक करताना, जेथे धर्म तेथे जय, असे आपण त्याला युद्धापूर्वी सांगितले होते याचीही तिला आठवण आहे. मायेने तिचा विवेक झाकलेला नाही. आणि हे सारे झाल्यावर ती कृष्णाला थेट विचारते की तुझ्यात सामर्थ्य असूनही तू हे का होऊ दिलेस, आणि त्याला शाप देते. शोकाने तिची साक्ष दुबळी झालेली नाही. किंबहुना सर्वांसाठी रडल्यामुळेच तिला आरोप करण्याचा अधिकार प्राप्त झाला आहे.

त्याच पर्वात पुढे धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो की ज्यांचे येथे कोणीच नाही त्यांचे काय? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य आदींना आज्ञा देतो की कोणाचाही देह अनाथासारखा नष्ट होऊ नये. सर्वांचे प्रेतकार्य करा. तो अमुक बाजूचे असे म्हणत नाही. आणि त्यानंतर, गंगेच्या काठी जलांजली देण्याच्या वेळी, कुंती त्याला सांगते की ज्याला तू शत्रू समजून मारवलेस तो कर्ण तुझा थोरला भाऊ होता. व्यासांनी हा प्रसंग तर्पणाच्या वेळीच ठेवावा हे अर्थपूर्ण आहे. शत्रू कोण आणि सोयरा कोण, याचे आपले ज्ञान ओंजळीत पाणी घेतले असतानाही अपुरे असते.

आपल्या श्राद्धविधीत ही जाणीव मुरलेली आहे. पितरांची नावे घेऊन झाल्यावर, जे आपले बांधव नव्हते, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरलेले नाही, त्यांच्यासाठीही तर्पणात एक ओंजळ सोडली जाते. त्यांची कुळे विचारली जात नाहीत, कर्मे तर नाहीतच. परंतु तर्पण म्हणजे प्रशस्ती नव्हे, हेही त्या विधीला ठाऊक आहे. पाणी तहानेसाठी असते. न्यायाचा निवाडा त्याने होत नाही आणि टळतही नाही.

या दृष्टीने पाहता छावणीतल्या दगडांविषयीचा माझा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडता येतो. या मृतांचा गौरव करण्याचे ओझे माझ्यावर नाही. त्यांच्या साम्राज्याशी माझा जो वाद आहे तो मिटलेला नाही. परंतु ते या भूमीवर पडले आणि मी या भूमीवर राहतो, यातून तर्पणाचे कर्तव्य माझ्याकडे आले आहे. ते रक्ताने किंवा मताने आलेले नाही, शेजाराने आलेले आहे.

५

मात्र ज्याचे तर्पण होते त्यालाच होते आणि बाकीचे तहानलेले राहतात, असे असेल तर त्या विधीतही अन्याय आहे. समान दगडांच्या तत्त्वाचा अभिमान बाळगणाऱ्या युद्धसमाधी आयोगानेच २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील आफ्रिकी, भारतीय, इजिप्ती अशा मृतांपैकी निदान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत, असे त्यात मान्य केले आहे. समतेचे तत्त्व खरे होते; ते सर्वांना लावले गेले नाही. खुर्दा तेथेही मोजायचा राहिला.

याच्या उलट एक उदाहरण ओकिनावाचे आहे. तेथे १९९५ मध्ये उभारलेल्या शांतिस्मारकावर त्या लढाईत मेलेल्या सर्वांची नावे आहेत. ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक, अमेरिकी सैनिक, कोरियन, तैवानी. २ लाख ४० हजारांहून अधिक नावे काळ्या दगडांवर आहेत आणि नव्याने कळलेली भरही पडते. हे युधिष्ठिराच्या आज्ञेचे आधुनिक रूप आहे. कोणी कोणाला मारले हे त्या भिंती लपवत नाहीत. मेलेल्यांची संख्याच ती साक्ष देते, कारण त्यांत नागरिक किती हे तेथे कोणालाही दिसते.

दिल्लीच्या दफनभूमीतही असा एक धागा आहे. तेथे एक स्मारक अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातील, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या २५ हजारांहून अधिक माणसांचे आहे. त्यांची नावे नामावलीच्या ग्रंथांत लिहिलेली आहेत, आणि तशीच नामावली कराचीच्या दफनभूमीतही आहे. १९४७ मध्ये खजिना वाटला गेला, पलटणी वाटल्या गेल्या, कचेऱ्यांतल्या खुर्च्या आणि ग्रंथालयांतली पुस्तकेसुद्धा वाटली गेली. मृतांची वाटणी मात्र कोणाला करता आली नाही. तेव्हा दोन्ही देशांनी सगळीच नावे ठेवून घेतली. गेल्या पाऊणशे वर्षांत या दोन देशांमध्ये एवढे युद्ध आणि एवढे वैर झाले, तरी त्या याद्या एकमेकींपासून फुटलेल्या नाहीत.

खरगपूरच्या शेतांत अमेरिकी विमानांचे स्मारक उभे राहावे असा माझा आग्रह नाही. अमेरिकेने आपले मृत युद्धानंतर येथून हलवले, आणि ईशान्येच्या डोंगरांत जे शेकडो वैमानिक बेपत्ता झाले त्यांचा शोध तो देश अजूनही घेतो आहे. त्यांना विचारणारे कोणी तरी आहे. परंतु कोणा गावाने उद्या तेथे दगड उभा करायचे मनात आणले तर त्यावर तीन गोष्टी असाव्यात असे मला वाटते. विमानातून न परतलेल्यांची नावे असावीत. हान्को आणि टोकियो यांचा उल्लेख असावा. आणि त्याच जिल्ह्यात १९४३ मध्ये अन्नावाचून मेलेल्यांसाठी जागा असावी, ज्यांची यादी कोणत्याही आयोगाने केली नाही आणि आता ती होणेही शक्य नाही. ती जागा कोरीच राहील. दगडावर कोरी जागा सोडणे हीदेखील एक साक्ष आहे.

आणि मराठी माणूस तेथे गेला तर त्याने त्या कोऱ्या जागेपुढे थोडे अधिक थांबावे. तेथल्या अंगाईतले बर्गी त्याला ओळखीचे आहेत.